'पंक्तिप्रपंच' मथळ्यात येऊ द्या

टँकर एका गल्लीत दोनदा, शेजारच्या गल्लीत एकदाही नाही. अशा बातम्यांत 'पक्षपात' छापला जातो. पक्षपात म्हणजे एका बाजूला झुकणे, तो पंचाचा दोष. वाटपातल्या अन्यायाला 'पंक्तिप्रपंच' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे: एकाच पंगतीत बसवायचे आणि माणूस बघून वाढायचे. खानदेशात वरण-बट्टीची पंगत जेवलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. लहानपणी एका लग्नात वाढप्याने शेजारच्या बड्या पाहुण्याच्या बट्टीवर तुपाची धार धरली, माझ्या वडिलांच्या ताटाला नुसती पळी टेकवून तो पुढे गेला. वडील बोलले नाहीत. बट्टी कोरडीच खाल्ली. आजही टँकरची बातमी वाचताना मला ती पळी दिसते.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)