हॅगार्ड म्हणजे नुसती पाच शिलिंगांची पैज नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल पुरवणीत इंग्रज कादंबरीकार रायडर हॅगार्डवर अख्खं पान बघून आधी फार बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या माणसावर कुणी लिहीतच नाही. चहा बाजूला ठेवून वाचायला घेतलं आणि दुसऱ्या कॉलमपर्यंत डोकं तापलं. भावाशी पाच शिलिंगांची पैज, सहा आठवड्यांत कादंबरी, मग पैसाच पैसा, आणि शेवटी 'घरात बसून आफ्रिका रचणारा लेखक' असं ठोकून दिलंय. घरात बसून? अहो, हा मुलगा १८७५ साली एकोणीस वर्षांचा असताना दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल या ब्रिटिश वसाहतीत गेला, वडिलांनी बिनपगारी धाडला होता, गव्हर्नर बुल्वरच्या हाताखाली. तिथून शेपस्टोन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर शेजारच्या ट्रान्सव्हालमध्ये, म्हणजे बोअरांच्या, तिथं वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात. १८७७ मध्ये प्रिटोरियात ब्रिटिश झेंडा चढवला तेव्हा चढवणाऱ्यांत हा होता, एकविसाव्या वर्षी तिथल्या हायकोर्टाचा रजिस्ट्रार झाला, मग नोकरी सोडून न्यूकॅसलजवळ मित्राबरोबर शहामृग पाळले. १८८१ साली बोअरांशी तहाची बोलणी झाली तेव्हा आलेलं ब्रिटिश सरकारचं कमिशन याच्याच फार्मवरच्या घरात भाड्याने राहिलं होतं. त्याच्या कादंबऱ्यांतला तो कुऱ्हाडवाला योद्धा उम्स्लोपोगास आहे ना, तोसुद्धा शेपस्टोनबरोबर असायच्या एका खऱ्या स्वाझी माणसावरून घेतलाय. हे सगळं त्याच्या कुठल्याही चरित्रात मिळतं, तुमच्या लेखकाने एकही उघडलेलं दिसत नाही.

पैजेची गोष्ट खोटी नाही. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'च्या निम्म्याने तरी चांगलं लिहून दाखव असं भाऊ म्हणाला आणि याने 'किंग सॉलोमन्स माइन्स' लिहिली, १८८५. पण त्यातला खरा सांगण्यासारखा भाग लेखात नाहीच. कॅसेल या प्रकाशन कंपनीने शंभर पौंड रोख देऊन सगळे हक्क मागितले होते आणि हा हो म्हणून बसला होता, साहेब कागद आणायला आत गेला तेवढ्यात कोपऱ्यातल्या कारकुनाने हळूच सांगितलं की मी तुमच्या जागी असतो तर रॉयल्टी घेतली असती. पहिल्या वर्षात ३१ हजार प्रती खपल्या. म्हणजे त्या कारकुनाने तोंड उघडलं नसतं तर तुम्ही ज्याला पैसाच पैसा म्हणताय तो कॅसेलच्या तिजोरीत गेला असता.

आता मला राग का आला ते सांगते, कारण तो कालचा नाही, जुना आहे. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, पुढे एम.फिल.ला हॅगार्ड हा विषय घ्यायचा ठरवला होता. शाळेत असताना 'सॉलोमन'ची संक्षिप्त आवृत्ती वाचून वेडी झाले होते, मग कॉलेजात 'शी', 'अ‍ॅलन क्वाटरमेन', जे मिळेल ते. विषयाची चिठ्ठी घेऊन गाईडसरांकडे गेले तर सरांनी ती सगळ्या मुलांसमोर मोठ्याने वाचली आणि म्हणाले, हा पोरासोरांचा लेखक, यात लिटरेचर कुठंय, हार्डी घ्या. मी म्हटलं सर, या माणसाने इंग्लंडच्या खेड्यांवर दोन मोठे खंड लिहिलेत, ते मला 'शी'शेजारी ठेवून वाचायचेत. सरांनी ऐकूनच घेतलं नाही. मी शेतकऱ्याच्या घरातली मुलगी, वर्गात त्या खंडांतली गोष्ट सगळ्यात जास्त मलाच कळली असती, आणि मला हार्डीच्या निसर्गवर्णनांवर पानंच्या पानं लिहायला लावली. (हार्डी मोठाच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.) पुढे दहाबारा वर्षांनी त्याच विभागात 'लोकप्रिय कादंबरी आणि साम्राज्य' असा सेमिनार झाला, बोर्डावर हॅगार्डचं नाव, आणि पेपर वाचणारे कोण तर हेच सर. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. त्या पेपरातही पैज होती, सहा आठवडे होते, शहामृगसुद्धा नव्हते. कालचा लेख वाचताना मला सरांचाच आवाज ऐकू येत होता, म्हणून हे पत्र.

ते दोन खंड म्हणजे 'रूरल इंग्लंड', १९०२. त्याआधी 'अ फार्मर्स इयर' नावाचं पुस्तक, त्यात नॉरफकमधल्या डिचिंगहॅमच्या स्वतःच्या शेतीची वर्षभराची नोंद आहे, कुठल्या रानात काय पेरलं, मजूर किती लागले, कशात खोट आली. मग हा माणूस सत्तावीस परगणे फिरला, शेतकऱ्यांना, जमीनदारांना, मजुरांना भेटला, मजुरी काय, भाव काय, पोरं शहराकडे का पळतायत हे विचारत. अमेरिकेतून स्वस्त धान्य बोटीने यायला लागल्यावर इंग्लंडच्या शेतीचं जे झालं ते त्याने बांधावर उभं राहून लिहिलंय. नंतर डेन्मार्कला जाऊन तिथल्या सहकारी डेऱ्या बघितल्या आणि १९११ साली त्यावर पुस्तक काढलं, लहान शेतकरी एकत्र येऊन लोणी विकतो आणि टिकतो, आपल्याकडे का नाही असं त्याचं म्हणणं. गावोगाव दूध संघ असलेल्या आपल्या भागातल्या वाचकाला हे वाचायला आवडलं नसतं का? सरकारने त्याला १९०५ साली अमेरिकेत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या वसाहती बघायला पाठवलं, शहरातल्या गरिबांना जमिनीवर बसवता येईल का म्हणून, त्याने रिपोर्ट दिला आणि तो बाजूला पडला. किनारे समुद्रात जातात त्यावरच्या रॉयल कमिशनवर पण तो होता, आणि केसिंगलंडला स्वतःच्या घरापुढे वाळू धरणारं गवत लावून बघत होता. १९१२ ची नाइटहूड त्याला या कामासाठी मिळाली, कादंबऱ्यांसाठी नाही. तुमच्या पानभर लेखात यातलं एक वाक्य नाही!!

साम्राज्यवादी म्हटलंय ते मी नाकारत नाही. झेंडा त्याने चढवलाच. 'सॉलोमन'मध्ये फौलाता ही आफ्रिकन मुलगी आणि गोरा कॅप्टन गुड यांचं जमणार असं दिसायला लागतं आणि तो तिला मारून टाकतो, म्हणजे गोऱ्या वाचकांची अडचण मिटली, हे मला शाळेतच खटकलं होतं. पण त्याच माणसाने १८९२ साली 'नाडा द लिली' लिहिली, झुलूंचा राजा शाका याच्या काळातली, आणि त्यात गोष्ट सगळी झुलू माणसांची आहे, सांगणारासुद्धा झुलूच. त्या काळात लंडनमध्ये असं कोण लिहीत होतं? शिक्का मारायचा तर दोन्ही पुस्तकं वाचून मारा.

आणि प्रेमप्रकरण. दीड कॉलम. तरुणपणी जिच्यावर जीव होता तिने दुसऱ्याशी लग्न केलं, इथपर्यंत चवीने लिहून सोडून दिलंय. तिचा नवरा अफरातफर करून आफ्रिकेत पळाला, तेव्हा तिला आणि तिच्या मुलांना हॅगार्डने आधार दिला, ते का नाही लिहिलं? तसंच जॉकचं. जॉक म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. १८९१ साली नवराबायको मेक्सिकोत होते आणि इकडे लंडनमध्ये नऊ वर्षांचा पोर गोवराने गेला. आईबाप हजारो मैल लांब. त्यानंतर बापाने घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. तुमच्या लेखात आहे 'मेक्सिकोच्या सफरीतून त्याला नव्या कादंबरीचा मसाला मिळाला'. हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, पेपरमध्ये एवढी माणसं असतात, छापायच्या आधी कुणीतरी वाचत असेल ना?

आपल्या मुंबईत जन्मलेला 'जंगल बुक'वाला किपलिंग त्याचा जवळचा दोस्त. किपलिंगचा मुलगा १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात लूसच्या लढाईत गेला, त्याचाही एकुलताच. हे दोघं किपलिंगच्या घरी एका खोलीत, एका टेबलावर आपापलं लिहीत बसायचे, दुसरं कुणी खोलीत असलं तर किपलिंगला चालायचं नाही पण हॅगार्ड चालायचा. दोघांच्या मैत्रीवर नुसता एक परिच्छेद लिहिला असता तरी मी बाकीचं पोटात घातलं असतं.

माझी मागणी साधी आहे. आफ्रिका घरात बसून रचली हे चूक आहे, मेक्सिकोबद्दलचं वाक्य अर्धवट आहे, दोन्हींची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, त्याच पानावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. जमलं तर 'रूरल इंग्लंड'वर कुणाकडून तरी नीट लेख घ्या. कृषी विद्यापीठातल्या माणसाकडून घ्या, इंग्रजीच्या विभागातून नको.

जाता जाता, लेखाची लिंक माझ्या जुन्या विद्यार्थिनींना पाठवायला गेले तर रविवार पुरवणी ई-पेपरवर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही असं आलं. आमच्या घरी तुमचा अंक वर्षानुवर्षं येतो, बिल दर महिन्याला वेळेवर देतो. घरी अंक घेणाऱ्याला परत वेगळे पैसे कशाला? ऑफिसला फोन केला तर वितरणाकडे बोला म्हणाले, वितरणवाले म्हणाले ते आमच्याकडे नाही. याचंही उत्तर छापून नाही तर फोनवर तरी द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड