पोरं हिशोब करून सायन्स घेतात, त्यात वाईट काय?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दरवर्षी तेच रडगाणं, आजकालच्या पोरांना आवड नाही, सगळे मेंढरासारखे सायन्सला पळतात. मी चोपडा तालुक्यातला केळीवाला माणूस, पुतणी यंदा अकरावीला गेली, तिने विषय कसे निवडले ते बघितलं आणि म्हटलं ही कसली मेंढरं, ही तर आपल्यापेक्षा पक्की.

तिने मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतले. मी म्हटलं अगं डॉक्टर व्हायचंय ना, मग गणिताचं लोढणं कशाला. तर म्हणे काका, नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ३६० मार्क बायोचे, कबूल, पण नाही जमलं तर? मॅथ्स असलं की राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेचे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) नि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो) दोन्ही ग्रुप देता येतात, इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे, ॲग्री आहे, आणि सायन्सवरून बीकॉम, बीएला जाता येतं, आर्ट्सवाल्याला बीएस्सीला येता येत नाही. तिच्या वर्गातल्या एकाला एनडीएतून (लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) एअर फोर्सला जायचंय, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं म्हणून त्याने बायोला हातच लावला नाही. धुळ्याचं सरकारी मेडिकल जुनंच, पण २०१८ ला जळगावला, २०२० ला नंदुरबारला पण झालं, मग घराजवळ सीट दिसल्यावर पोरं बायो घेणारच ना. पुतणीने मराठी सोडून आयटी घेतलं, स्कोअरिंग आहे म्हणे. हे मात्र मला लागलं, पण तिला काय उत्तर देणार.

माझी तक्रार वेगळी आहे. बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला थेअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, आणि हे ३० सगळे हातचेच धरून चालतात. ॲडमिशनसाठी एका कॉलेजात गेलो (नाव लिहीत नाही), लॅबला कुलूप, खिडकीतून बघितलं तर ब्युरेट (केमिस्ट्रीच्या प्रयोगाच्या काचेच्या नळ्या) स्टँडला लावलेल्या आणि ओट्यावर बोटभर धूळ. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लिहिलेलं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, विकत मिळतं. क्लार्क उघड सांगतो, क्लासशी टायअप आहे, पोरगी क्लाससाठी लातूरला राहिली तरी हजेरी लागेल, काळजी नको. नीट नि सीईटीत प्रॅक्टिकल नाहीच, त्यामुळे पोरं लॅबकडे फिरकत नाहीत आणि कॉलेजलाही ते बरंच पडतं, मग दोष एकट्या पोरांना का?

आणि हा सगळा हिशोब करायला घरात कोणीतरी माहीतगार लागतो हो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडचं पोरगं सायबरवाल्यासमोर बसून फॉर्म भरतं, तो त्याच्या घाईत जे टिचकवेल ती शाखा नि ते कॉलेज, आणि विषयही मग असेच. बायो सोडलं की बीएस्सी नर्सिंग गेलं, मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक ब्रँच गेल्या, हे त्याला बारावीनंतर कळतं, तोवर दोन वर्षं गेलेली. दहावीच्या परीक्षेआधी शाळेतच दोन तास घेऊन कोणत्या विषयाने पुढे काय काय मिळतं ते फळ्यावर लिहून द्या, एवढं शिक्षण खात्याने केलं तरी पुष्कळ, आणि प्रॅक्टिकलला परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातला पाठवा, बघा मग लॅबची कुलपं कशी उघडतात ते.

आपला,
एक पालक, ता. चोपडा, जि. जळगाव