त्या मंगळवारच्या दांडीबद्दल

नेपरव्हिल, इलिनॉय
१९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तेहेतीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाचं ते "बरं" मला चांगलं ओळखू येतं. आईने मग हळूच विचारलं, "अगं, ताप नाही, खोकला नाही, मग पोरीला घरी कशाला ठेवलीस?" फोनवर धड सांगता आलं नाही, कारण चिऊ शेजारीच बसली होती.

चार रात्री ती दिवा मालवू देत नव्हती. सकाळी पोटात दुखायचं, शनिवार-रविवार दुखलं नाही. मंगळवारी एक मोजा पायात, दुसरा हातात, अशी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. रडणं नाही, हट्ट नाही. पिवळी बस आली, थांबली, गेली. मी शाळेत फोन करून सरळ सांगितलं की आज तिचं मन ठीक नाही. "नोंद केली," पलीकडच्या बाई म्हणाल्या. एवढंच!

इलिनॉयमध्ये २०२२ पासून तसा कायदाच आहे. वर्षात पाच दिवस मुलांना या कारणासाठी घरी राहता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि बुडालेला अभ्यास नंतर पूर्ण करू देतात. दोन दिवस घेऊन झाले की मात्र शाळा मुलाला समुपदेशकाकडे पाठवू शकते. म्हणजे अगदी मोकळं रान नाही.

दुपारी मी कणीक मळत होते. ती गोळ्याला बोटांनी भोकं पाडत बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, मला शिंक आली होती. मी दाबून धरली. शिंकले असते तर?"

बाबा, हे तुम्हाला आजवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. बंदूक घेतलेला माणूस शाळेत शिरला तर काय करायचं, याची इथे कवायत होते. वर्षातून एकदा तरी घ्यावीच लागते. दार आतून बंद, दिवे बंद, सगळी मुलं कोपऱ्यात, चिडीचूप. आठ वर्षांची मुलगी ती शिंक चार दिवस मनात घेऊन फिरत होती. सकाळी बसमध्ये कोंबली असती तर ती कणकेच्या परातीपाशी बसली नसती आणि मला हे कळलंही नसतं.

तुमच्या मनात काय आहे ते कळतंय. एकदा घरी ठेवलं की दुसऱ्यांदा पाय आणखी जड होतो. खरं आहे. म्हणून टॅब कपाटावर गेला, आजीच्या पत्त्यांचा डाव काढला नाही, आणि बुधवारी शाळा म्हणजे शाळा, हे मंगळवारीच ठरलं. बुधवारी मी बरोबर गेले, बाईंना शिंकेचं सांगितलं. परवा पुन्हा पोटात दुखलं, तरी पाठवलीच. चुकले की बरोबर केलं, अजून ठरत नाही.

पण एक विचारू? नाशिकला मी तिसरीत असताना पाढे चुकले म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. तुमची शाळा दुपारची. तुम्ही माझं दप्तर खुंटीला अडकवलंत आणि मला स्कूटरवर पुढे उभी करून होळकर पुलावर नेलंत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी होतं. पाढ्यांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. घरी आल्यावर मात्र तुमच्या त्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिलीत: "मुलीस ताप असल्याने..." मग वर्गात दिवसभर मी तापातून उठल्यासारखी मलूल बसले, मैत्रीण कपाळाला हात लावून पाहत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गोदेवरची ती सकाळ अजून लख्ख आठवते, ती चिठ्ठीही. चिऊसाठी तेवढी चिठ्ठी मला लिहावी लागली नाही, इतकंच.

तिला दुतोंड्या मारुतीची गोष्ट सांगितली आहे. "पाणी मानेपर्यंत आलं की तो पोहतो का?" हे तिला तुम्हालाच विचारायचंय. पुढच्या पावसाळ्यात पाणी सोडलं की पुलावरून व्हिडिओ कॉल करा. तुमच्याकडे सकाळ तेव्हा इथे रात्र असते, त्यामुळे शाळा बुडायची नाही.

आईला नमस्कार. चिवड्याचं पाकीट फुटलेलं निघालं, पण खाल्ला.

तुमची,
ताई