बॅरिअ‍ॅट्रिकच्या पॅकेजात मनाची तपासणीही हवी

संपादक महोदय,

बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे लठ्ठपणा कमी करण्यासाठीची शस्त्रक्रिया. तिच्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे यांत अनेकांना मोठा उतार पडतो. हा लाभ खरा आहे. पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील 2015 च्या अभ्यासात, बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना आधीपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी वाढल्या. एकूण संख्या कमी होती, पण बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या, म्हणजे रुग्ण दवाखान्यात येणे थांबवतो तेव्हाच्या.

गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचा नव्हे; यात जठर लहान करून अन्न पुढच्या आतड्यात वळवतात) दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. नैराश्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही. त्या बदलायच्या का, हे मानसोपचारतज्ज्ञाने शस्त्रक्रियेआधीच ठरवावे. सतत उलट्या होऊन बी-1 जीवनसत्त्व घटले की रुग्ण गोंधळतो, तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. घरचे याला ‘टेन्शन’ समजतात. अशा वेळी ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी बी-1 चे इंजेक्शन द्यायलाच हवे.

रुग्णालयांनी किमान तीन वर्षांच्या मानसिक तपासण्या पॅकेजातच धराव्यात आणि डिस्चार्ज कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छापावा.