काशीचा रस्ता, थांब्यांसकट

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर काशीचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, तुमची १९९४ची निळी वही माझ्याकडे आहे. कन्याकुमारीच्या पानावर प्रत्येक गावापुढे मीटरचं रीडिंग, आणि हुबळीपुढे "पं. ४० मि." अशी पंक्चरची नोंद. मीही तसंच आखलंय. फक्त तुम्ही आधी किलोमीटर धरायचात, मी आधी थांबे धरलेत.

पहिल्या दिवशी नुसतं संभाजीनगर. अंतर फार नाही, पण वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव पार करेपर्यंतच माणूस आंबतो. दुसऱ्या दिवशी समृद्धी. रस्ता इतका सरळसोट की डोळ्यांवर झापड येते, मला धास्ती त्याचीच. १२०ची मुभा असली तरी मी शंभराच्या वर नेणार नाही. मागून "दाब जरा" म्हणायचं नाही! वाटेत मनाला येईल तिथे टपरीवर थांबता येत नाही, म्हणून सिंदखेडराजाला खाली उतरायचं. आई, जिजाऊंचं जन्मस्थान बघायचं तू किती वर्षं घोकतेयस. दीड तास ठेवलाय. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तुझ्याकडे. रात्री नागपूरला मावशीकडे, दुसरा दिवसही तिथेच. तुम्हा बहिणींच्या गप्पा एका रात्रीत उरकणाऱ्या नाहीत.

नागपूरपासून दादा येतोय, म्हणजे गाडी चालवायला दोघं. पुढे पेंचच्या जंगलात रस्ताच खांबांवर उचललाय, खालून जनावरं जातात. तो टप्पा उजेडी गाठू. मुक्काम जबलपूर, संध्याकाळी भेडाघाट.

सगळ्यात जास्त डोकं मी मैहरवर घातलंय. शारदामातेला हजारावर पायऱ्या आहेत, पण रोपवेही आहे, तेव्हा आईच्या गुडघ्यांची सबब चालणार नाही. आणि बाबा, हे अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं मैहर. रविशंकर सतार शिकले ते इथेच. रात्री अकराला रेडिओला कान लावून बसायचात ना, त्या माणसाला इथून घाईनं पुढे काढणं मला जमायचं नाही. मुक्काम मैहरलाच.

मग रीवा, सोहागीचा घाट, प्रयागराज, काशी. इथे मात्र तुमचं "पहाटे चारला गाडी बाहेर" बंद. गंगेकाठी हिवाळ्यात सकाळी धुक्यात बॉनेटसुद्धा दिसत नाही. महाशिवरात्रीची गर्दी ओसरली की निघू, तोवर धुकंही विरतं. तरी आठच्या आत चाक हलणार नाही.

अजून एक, लाजू नका. बाबांची लघवीची गोळी सकाळची आहे आणि ती घेतल्यावर पहिले दोन तास काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. नाही बदलली तरी दर तासाला थांबायचं मी धरलंच आहे.

टायर चारही बदलतेय. स्टेपनी तुम्हीच तपासा, माझ्या तपासण्यावर तुमचा विश्वास नाही हे मला माहीत आहे. आणि वहीत अजून अकरा पानं कोरी आहेत.

तुमची,
छोटी