गेटवर काढून घेतलेली बॅग, तडकलेला नाचाचा बूट आणि परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व बॅगेज विभाग, मुंबई कार्यालय

विषय: मुंबई–डब्लिन प्रवासात गेटवर घेतलेल्या केबिन बॅगेला झालेला उशीर आणि तिचं नुकसान. पीआयआरची (विमानतळावर भरलेल्या बॅगेच्या तक्रार अर्जाची) प्रत, गेट टॅगचा फोटो, तडकलेल्या बुटाचे फोटो आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं शेवटचं बोलणं झालं. यापुढे मी त्या नंबरवर फोन करणार नाही, म्हणून शेवटचं. ते बोलणं मराठीत झालं, तेव्हा पत्रही मराठीतच लिहिते आहे. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं तुमच्यापुढे यायला हवं.

बॅग गेटवर घेतली की तिचं पुढे काय होतं हे मी तुम्हाला शिकवायला नको. टॅग कसा लागतो, ती कोणाच्या ताब्यात जाते, उतरल्यावर कोणत्या पट्ट्यावर यायला हवी, हे तुमचंच काम आहे. तरी तुमची माणसं मला सारखं एकच ऐकवतात, की केबिन बॅगेची जबाबदारी प्रवाशाची. बॅग माझ्याकडे असती तर होतीच माझी जबाबदारी. ती माझ्या हातातून तुमच्या माणसानं घेतली.

जानेवारीत चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी ठाण्याला आले होते. मी डब्लिनला राहते आणि आयरिश डान्सच्या स्पर्धा करते. शाळेत असताना सुरुवात केली, आता सीनियर लेडीज गटात आहे. फेब्रुवारीत किलार्नीला ऑल आयर्लंड चॅम्पियनशिप होती. स्पर्धा इतकी जवळ असताना सराव थांबवता येत नाही. म्हणून लग्नघरातही रोज पहाटे आजीच्या दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळायची, प्लायवूडचा तक्ता टाकायचा आणि पाव्हणे उठायच्या आत ड्रिल्स उरकायची, असं चाललं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदाही तक्रार केली नाही. उलट लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "आता तुझ्या ठेक्यावरच आम्ही चहा ठेवतो." ज्यांच्या डोक्यावर मी रोज पाय आपटले त्या माणसाला माझ्या नाचाची जेवढी कदर होती, तेवढी ज्यांना मी तिकिटाचे पैसे मोजले त्यांना असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

आमच्यात कोणीही, म्हणजे कोणीही, शूज चेक-इनच्या बॅगेत टाकत नाही. ड्रेस मोठा असतो, तो नाइलाजानं जातो. विग हरवला तर दुसरा मिळतो. शूज मात्र हातातच ठेवायचे, हे पहिल्या फेशला, म्हणजे स्पर्धेला, जाणाऱ्या सात वर्षांच्या पोरीलाही तिची टीचर सांगते. मीही तेच केलं. त्या बॅगेत माझे हेवीज, म्हणजे ठेका वाजवायचे कडक बूट होते, पंप्स, म्हणजे मऊ चामड्याचे हलके शूज होते, पायाला बांधायच्या टेप होत्या आणि एक स्वेटर. वजनात बसणारी, मापात बसणारी बॅग. मुंबईच्या काउंटरवर तुमच्याच माणसानं तिला केबिनचा टॅग लावला होता. फोटो जोडला आहे.

गेटवर मात्र विमान भरलंय, बॅग खाली द्या, असा हुकूम झाला. मी बॅग उघडून शूज दाखवले. म्हटलं, बाकी सगळं घ्या, हे दोन जोड मी मांडीवर ठेवते. तर उत्तर, "रांग अडवू नका." पिशवी द्या म्हटलं, तीही दिली नाही. माझ्या मागे एक गृहस्थ माझ्या बॅगेच्या दुप्पट ट्रॉली घेऊन आत गेले. त्यांना कोणी हटकलं नाही.

डब्लिनला बॅग आली नाही. मी तिथल्या तिथे पीआयआर भरला. त्यानंतरचे दिवस तुमच्या ट्रेसिंगच्या पानावर गेले. आधी ‘लोकेटेड’, मग ‘फॉरवर्डेड’, मग पुन्हा ‘ट्रेसिंग कंटिन्यूज’. एकदा सापडलेली बॅग पुन्हा कशी शोधावी लागते, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. बॅग आली ती स्पर्धा संपल्यानंतरच्या सोमवारी. कुरिअरवाल्यानं दारात ठेवली आणि निघून गेला. एक चाक नाही, चेन उसवलेली, आणि आत डाव्या हेवीची टिप, म्हणजे बुटाच्या टोकाचा कडक ठोकळा, पुढच्या कडेपासून आरपार तडकलेली. ही टिप फायबरग्लासची असते. मी रोज तिच्यावर माझं अख्खं वजन आदळते, चवड्यांवर नाही तर थेट बोटांच्या टोकावर उभी राहते, तेव्हा तिला काही होत नाही. तुमच्या ताब्यात असताना तिच्यावर काय पडलं असेल याचा मी विचार करते तेव्हा माझा राग आवरत नाही.

त्याच दिवशी मी फोटोंसकट ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कोणाचं समाधान झालं? मला कोणी विचारलं?

म्हणून आज फोन केला. तुमचं यंत्र सुरुवातीलाच सांगतं की कॉल रेकॉर्ड होतो. तेव्हा हा कॉल काढून ऐकाच, आणि ऐकताना बंद करू नका.

आधी बराच वेळ सनई-बासरीचं संगीत. मग एक तरुण आवाज आला. सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. सांगितली. मग प्रश्न:

"मॅडम, बॅगेत मौल्यवान काही होतं का?"

"हो. माझे डान्सचे शूज."

"म्हणजे बूट."

"हो. त्यातला एक तुटून आलाय."

"नवे होते का मॅडम?"

"नव्हते. आणि नवे नव्हते म्हणूनच ते जास्त मोलाचे होते." मी त्यांना नीट समजावून सांगितलं. नव्या हेवीजचा तळवा फळीसारखा ताठ असतो, त्यात पाय वाकत नाही, पॉइंट होत नाही. महिनोन् महिने घालून ते पायाचे होतात. तोवर टाचा सोलतात, नखं काळी पडतात. पंप्सचं चामडं तर ज्याचा पाय त्याच्याच आकाराचं होतं. हे सगळं मी सांगितलं, आणि पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग,

"सिस्टिममध्ये मी ‘वापरलेली पादत्राणे’ टाकतोय मॅडम. त्यावर घसारा लागेल."

मी गप्प राहिले. मग त्यांनीच विचारलं, "कसला डान्स म्हणालात?"

"आयरिश डान्स."

"अच्छा, ते रिव्हरडान्स! यूट्यूबवर बघितलंय मी. हात न हलवता करतात ते. पण मॅडम, तुम्ही तर मराठी ना?"

मी म्हटलं, याचा माझ्या बॅगेशी काय संबंध?

"तसं नाही मॅडम. भरतनाट्यमचे घुंगरू वगैरे असते तर भावना समजू शकलो असतो. हे हौसेचं सामान आहे. आणि तुम्ही तिकडेच राहता, तिकडे गल्लोगल्ली मिळत असतील. एकच बूट तुटलाय ना? मोच्याकडे दिला तर चिकटवून देईल. नाहीतर फेविक्विक लावून बघा."

महोदय, हे वाक्य तुम्ही पुन्हा वाचा. फेविक्विक लावून बघा.

मी सुपरवायझरला द्या म्हटलं. ते मीटिंगमध्ये आहेत, असं उत्तर आलं. आणि नंतर, सगळ्यात शेवटी, तेच जे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन: "शिवाय पॉलिसीप्रमाणे केबिन बॅगेची जबाबदारी प्रवाशाची असते. आणखी काही मदत करू शकतो का मॅडम?"

मी मराठी आहे आणि मी आयरिश नाच करते. या दोन्हींत तुमच्या कंपनीनं नाक खुपसायचं कारण नाही. नवव्या वर्षी मी डब्लिनला आले तेव्हा वर्गातल्या मुली ज्या क्लासला जात होत्या त्याच क्लासला आईनं मला घातलं. चर्चशेजारच्या हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर, अकॉर्डियनवर पहिली रील, म्हणजे आयरिश नाचाची धून, ऐकली त्या दिवसापासून हा नाच माझा आहे. आज माझ्या क्लासमध्ये पोलिश मुली आहेत, नायजेरियन घरातली एक आहे. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या. मला हा प्रश्न इथे कुठल्याही परीक्षकानं, कुठल्याही टीचरनं विचारला नाही. तो विचारला माझ्याच भाषेत बोलणाऱ्या तुमच्या माणसानं.

आणि रिव्हरडान्सचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. 1994 साली डब्लिनच्या युरोव्हिजनमध्ये मध्यंतरात तो काही मिनिटांचा नाच झाला आणि जगाला हा प्रकार कळला, हे खरं. पण स्पर्धा त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. नुसती जागतिक स्पर्धा बघितली तरी ती 1970 पासून होते आहे. ही हौस म्हणून रविवारी सकाळी करायची गोष्ट नाही. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी क्लास, उरलेल्या वेळी व्यायाम आणि फिजिओ. नडगीचं दुखणं, घोट्याचं दुखणं, पायाच्या हाडातले स्ट्रेस फ्रॅक्चर, यातलं काही ना काही आमच्यातल्या प्रत्येकीच्या वाट्याला येतं. नोकरी सांभाळून हे करते, सुट्ट्या यातच जातात, पगारातला मोठा वाटा यातच जातो. असं वर्षभर केल्यावर स्टेजवर मिळतं काय, तर एका राउंडला जेमतेम दीड मिनिट.

त्या दीड मिनिटात काय झालं तेही ऐका. पहिला राउंड हेवीजचा, ट्रेबल जिग. माझे शूज तुमच्याकडे, म्हणून मैत्रिणीचे उसने घेतले. अर्ध्या मापानं मोठे. आत सोल घातले, बकल शेवटच्या भोकात ओढली, तळव्याला टेप लावली. नवा जोड विकत का नाही घेतला असं कोणी विचारलंच, तर त्याचं उत्तर वर दिलंय: नव्या जोडात पाय वाकत नाही. संगीत सुरू झालं, पहिलं पाऊल ठीक गेलं. दुसऱ्या पावलात टाच आत सरकली आणि उजव्या पायाचा ट्रेबल, म्हणजे बुटाच्या टिपेचा ठोका, वाजलाच नाही. ट्रेबल जिगमध्ये पाय हेच वाद्य असतं, न वाजलेला ठोका आख्ख्या हॉलला कळतो. त्यानंतर मी नाचत नव्हते, बूट पायात धरून ठेवत होते.

आमच्याकडे गुण कसे मोजतात ते माहीत असेल तरच याचा अर्थ कळतो. प्रत्येक परीक्षक 100 पैकी गुण देतो, पण ते तसेच बेरजेत जात नाहीत. त्याच्या यादीत पहिली आलेल्या मुलीला 100 पॉइंट्स, दुसरीला 75, तिसरीला 65, चौथीला 60. म्हणजे एका अर्ध्या गुणानं पहिलीची दुसरी झालीस की तिथेच 25 पॉइंट्स गेले. आणि मी काही पहिली-दुसरी नव्हते. खाली जितकं घसरावं तितकं परत चढणं अवघड. पंप्सच्या राउंडमध्ये मी जीव तोडून नाचले, तेही उसन्या पंप्समध्ये. रिकॉल, म्हणजे शेवटच्या राउंडला निवडलेल्यांची यादी, लागला, त्यात माझा नंबर नव्हता. मागच्या वर्षी होता. शेवटच्या राउंडचा सेट डान्स, ज्यावर मी आणि माझ्या टीचरनं सगळा उन्हाळा घालवला, तो स्टेजवर गेलाच नाही. टीचर काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्या शेजारी बसून राहिल्या.

याची भरपाई कोणी करू शकत नाही हे मला कळतं. जी करता येते तेवढीच मागते आहे.

तुमच्या पॉलिसीपेक्षा वरचढ कायदा आहे, तोही तुम्हाला माहीत आहे. 1999 चं माँट्रियल कन्व्हेन्शन, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा करार, भारतालाही लागू आहे आणि आयर्लंडलाही. विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगेचं नुकसान ही कंपनीची जबाबदारी. उशीर झाला तर तो टाळायला तुम्ही शक्य ते सगळं केलं हे तुम्ही सिद्ध करायचं, मी नाही. नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत हवी. मी बॅग मिळाली त्याच दिवशी केली. उशिराची 21 दिवसांत हवी. तीही त्याच ईमेलमध्ये आहे. भरपाईची मर्यादा डिसेंबर 2024 पासून 1,519 स्पेशल ड्रॉइंग राइट्स (आयएमएफचं हिशेबाचं एकक) आहे. माझी मागणी त्याच्या आत बसते: नव्या हेवीजची किंमत, बॅगेची किंमत, किलार्नीच्या स्पर्धेची प्रवेश फी आणि राहण्याचा खर्च. पावत्या जोडल्या आहेत. घसारा मी मान्य करणार नाही. आणि बॅग माझ्या हातातून तुमच्या माणसानं घेतली, टॅग लावला, अर्धा तुकडा मला दिला. तो तुकडा माझ्याकडे आहे. ‘केबिन बॅग’ हे कारण पुन्हा लिहून पाठवू नका.

14 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी इथल्या डिस्ट्रिक्ट कोर्टात स्मॉल क्लेम्सचा अर्ज करीन. त्याला 25 युरो फी आहे आणि वकील लागत नाही. माझा प्रवास डब्लिनला संपत होता, त्यामुळे दावा इथे चालतो. भारत सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवणार आहे.

आणखी एक. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं मुंबईला जायचं म्हणजे तुमचंच विमान, असं ठरलेलं होतं. बाबा दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेत नसत, म्हणत, "यांच्याकडे माणसं आपली आहेत." आजीला एकटीला इकडे आणलं ते तुमच्याच भरवशावर. व्हीलचेअर ढकलणाऱ्या तुमच्या मुलीनं तिला डब्लिनच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं, त्याबद्दल तेव्हा मी आभाराचा ईमेलही पाठवला होता. तुमच्या दफ्तरी सापडेल. त्याच कंपनीकडून हे ऐकावं लागलं याचा मला बुटापेक्षा जास्त त्रास झाला आहे. इथल्या मराठी मंडळात उन्हाळ्याची तिकिटं काढायचे दिवस जवळ आलेत. कोणी विचारलं तर मी घडलं तेच सांगणार आहे, नावासकट.

पैशांशिवाय दोन गोष्टी हव्यात. माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ असा जो शेरा मारलाय तो काढा. आणि फोनवर जे ऐकवलं त्याची लेखी माफी द्या, कंपनीची, त्या मुलाची नव्हे. त्याच्या हातात जी स्क्रीन आणि जी वाक्यं दिली आहेत ती तुम्ही दिली आहेत.

नाव, पत्ता, पीएनआर सगळं पीआयआरवर आहे. उत्तर ईमेलनंच द्या. फोन करू नका.