डिझायनर आमच्या शेडपर्यंत यावा

महोदय,

उदारीकरणाला दोन वर्षे बाकी असताना, १९८९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) काही तरुण पदवीधरांनी पुण्यात ‘एलिफंट डिझाइन’ ही डिझाइन संस्था सुरू केली. डिझाइनसाठी वेगळे पैसे मोजायचे, हेच तेव्हा अनेकांच्या पचनी पडत नसे. आज या संस्थेचे काम सिंगापूरपर्यंत पोचले आहे. ‘पेपर बोट’ या पेयांच्या पाऊचचे डिझाइनही याच संस्थेचे. पुणेकर म्हणून मला याचा मनापासून अभिमान आहे.

भोसरीत माझे फवारणी पंपांचे छोटे युनिट आहे. गेल्या वर्षी एका शेतकरी ताईंनी पदर बाजूला करून खांद्यावरचा वळ दाखवला. सोळा लिटरचा भरलेला पंप, आणि पट्टा जेमतेम दोन बोटे रुंद! आम्ही पट्टा रुंद केला, आत फोम घातला. खर्च किरकोळ वाढला. इतकी वर्षे हे सुचले नाही, कारण भरला पंप पाठीवर घेऊन आमच्यापैकी कुणी सरीतून चाललेच नव्हते. चांगला डिझायनर सुरुवातच तिथून करतो.

पवईच्या आयआयटीत १९६९पासून औद्योगिक डिझाइन केंद्र आहे. पण माझ्यासारख्या एकट्या लघुउद्योजकाला डिझाइन सल्लागाराची फी झेपत नाही. उद्योजक संघटनांनी पाच-सहा युनिट मिळून एक डिझायनर नेमण्याची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे